हरिणवाली की डिकीवाली

त्याला सगळे रिव्हर्सभाऊ म्हणतात. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल, तिथून ते सहसा बाहेर पडत नाही. शहरातल्या मोठ्या हॉटेलच्या दारात उभं राहायचं, पाहुण्यांच्या गाड्या ताब्यात घेऊन मागे लावायच्या आणि पाहुणे जेवून, पोटावरून हात फिरवत बाहेर आले की त्याच गाड्या त्यांच्या पुढ्यात आणून उभ्या करायच्या, हे त्याचं बावीस वर्षांचं काम. कुठलीही गाडी तो उलटी घेतो, तीही एका दमात. आरशात एकदा बघतो, मान एकदा वळवतो आणि गाडी दोन खांबांच्या मध्ये अशी जाऊन बसते, जणू तिथेच जन्मली.

एवढ्या गाड्या चालवणाऱ्या या माणसाची स्वतःची गाडी मात्र नव्हती. ड्युटीवर तो सायकलने यायचा, आणि सायकलसुद्धा उलटीच लावायचा.

माणूस सरळ, मनमिळाऊ, पण एक खोड होती. गाडीचा बिल्ला बघितल्याशिवाय त्याला माणूस दिसतच नसे. चांदीचं उडतं हरिण पुढे लावलेली गाडी आली, की हा दोन्ही हातांनी दार उघडणार आणि कमरेतून वाकणार. मधल्या दर्जाचा बिल्ला असेल तर एक हात, आणि नुसती मान. आणि ज्या गाडीचा बिल्ला घरी जाईपर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही, तिला, "थांबा जरा, येतोच." हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मुलीला त्याने अक्षरओळख व्हायच्या आधी बिल्ले शिकवले होते. तीन वर्षांची ती रस्त्यावरून ओरडायची, "बाबा, हरिण!" आणि याचा ऊर भरून यायचा.

त्याची बायको पडदे शिवते. गल्लीत तिला पडदेताई म्हणतात. तिला गाड्यांमधलं काही कळत नाही असं रिव्हर्सभाऊचं मत होतं, आणि यंदा घरात गाडी घ्यायचं ठरल्यापासून ते मत फार अडचणीत आलं होतं.

गाडी घ्यायचं कारणही तीच होती. पलीकडच्या टोकाच्या एका शाळेच्या सभागृहाचं काम तिला मिळालं होतं. चौदा खिडक्या आणि रंगमंचाचा एक भलामोठा मखमली पडदा. आजवरचं तिचं सगळ्यात मोठं काम. सोमवारी सकाळी आठला सुरुवात, पुढे तीन आठवडे रोज. मशीन, टेबल, कापडाचे गठ्ठे, पडद्यांच्या नळ्या, सगळं रोज न्यायचं आणि आणायचं. शाळेच्या मुख्याध्यापिकेने बजावलं होतं, "एक दिवस जरी उशीर झाला तरी काम दुसऱ्याला. संमेलन तोंडावर आहे." आधीच्या पडदेवाल्याचा टेम्पो दोनदा आला नव्हता, म्हणून तर हे काम तिच्याकडे आलं होतं.

म्हणजे शुक्रवारपर्यंत सगळं सरळ होतं. शोरूममध्ये एक गाडी तयार होती, पांढरी, कुणीतरी ऐनवेळी नको म्हटलेली. शनिवारी पाचपर्यंत हो म्हटलं तर रविवारी हातात. बिल्ला असा, की रिव्हर्सभाऊने तिला बावीस वर्षांत शेकडो वेळा "थांबा जरा" म्हटलं असेल.

आणि शनिवारी सकाळी दहाला गल्लीत हरिण शिरलं.

खिडकीत न जाताच रिव्हर्सभाऊने आवाज ओळखला. हातातला चहा त्याने टेबलावर ठेवला की हवेत, ते त्याचं त्यालाच आठवत नाही. तो अनवाणीच खाली धावला. गाडीतून उतरला तो त्याचा मेहुणा, डोळ्यांना काळा चष्मा, हातात किल्ली गरगर फिरवत.

"दाजी! काय आणलंय बघा! टाइल्सवाल्या शेठची. दुसरी घेतोय म्हणून काढतोय. तुमच्या त्या पांढऱ्या डबीच्या किमतीत हरिण! हरिण, दाजी!"

"शेठ विकतोय?"

"मला म्हणाला, ओळखीतला माणूस बघ. मी म्हटलं, आमच्या दाजींसारखा जाणकार शोधून सापडायचा नाही. दुपारपर्यंत सांगा, अजून एक जण मागे लागलाय."

मेहुण्याच्या मागे कायम अजून एक जण लागलेला असतो, हे रिव्हर्सभाऊला ठाऊक होतं. पण त्या क्षणी त्याला काहीच ठाऊक नव्हतं. बारा वर्षांची गाडी, तरी बॉनेटवर आभाळ दिसत होतं. समोरच्या घरातले लोक गॅलरीत आले. वाणी दुकान सोडून आला. ज्या न्हाव्याने आजवर त्याला साधी खुर्ची पुसून दिली नव्हती, तो म्हणाला, "भाऊ, तुमची का?" त्या 'तुमची'ने रिव्हर्सभाऊच्या डोक्यात असा काही दिवा पेटला की बाकी सगळी खोली अंधारात गेली.

"दोन्ही हातांनी दार उघडतील," तो स्वतःशीच म्हणाला.

"कोण?" मुलीने विचारलं. ती आता कॉलेजात होती आणि बापाच्या मागोमाग खाली आली होती.

"कुणीही!"

गाडीभोवती फेरी मारत तो मागच्या डाव्या चाकापाशी आला आणि तिथेच थबकला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. दारावरच्या मंडळींची एक गुप्त पद्धत आहे. एखाद्या गाडीने त्रास दिला, तर पुढच्या पाळीवाल्याला कळावं म्हणून मागच्या डाव्या टायरवर खडूने खूण करायची. एक रेघ म्हणजे क्लच जड. गोल म्हणजे ब्रेक उशिरा लागतो. आणि फुली म्हणजे बंद केलीत तर पुन्हा चालू होईलच असं नाही, ढकलायला माणसं तयार ठेवा. खडू रिव्हर्सभाऊच पुरवायचा, बायकोच्या शिलाईच्या डब्यातले पिवळे तिकोनी तुकडे, त्यामुळे घरात तरी ही पद्धत गुप्त राहिली नव्हती.

टायरवर पिवळी फुली होती. त्याच्याच हातची. गुरुवारी, तीन माणसांनी मिळून ही गाडी पोर्चमधून ढकलली होती, शेठ आत बसून आरशात केस विंचरत होता, आणि तो किस्सा रिव्हर्सभाऊने घरी येऊन, ढकलण्याच्या अभिनयासकट, रंगवून सांगितला होता. फक्त कुठल्या शेठची, ते सांगायचं राहिलं होतं.

शहाण्या माणसाने काय केलं असतं? मेहुण्याला किल्ली परत दिली असती. रिव्हर्सभाऊने इकडेतिकडे पाहिलं, बुटाची नाडी बांधायला वाकावं तसा वाकला (पायात बूट नव्हते, हे त्याच्या लक्षात आलं नाही), अंगठा जिभेला लावला आणि फुली पुसून टाकली.

तेवढ्यात पडदेताई खाली आली. गळ्यात टेप, केसांत टाचण्या.

"ताई, बस ना! सीट बघ, लोणी आहे लोणी!" मेहुणा म्हणाला.

"बसते नंतर. डिकी उघड."

"डिकी? अगं ताई, या गाडीला लोक पुढून बघतात."

"मी मागून बघते. उघड."

तिने टेप लावला. आडवा, उभा, मग तोंडाची रुंदी. ओठ हलत होते, हिशेब चालू होता. "टेबल जात नाही. तिरकं घातलं तरी चार इंच बाहेर. मशीन मागच्या सीटवर ठेवलं तर?"

"त्या चामड्यावर मशीन!" रिव्हर्सभाऊ कळवळला.

"मग मखमलीचा गठ्ठा?"

"त्यासाठी टेम्पो लावू ना आपण," मेहुणा पटकन म्हणाला.

"म्हणजे गाडी घ्यायची, आणि तिच्या मागून टेम्पो." पडदेताईने टेप गुंडाळला. "छान. वरात वाटेल."

मुलगी खुदकन हसली. रिव्हर्सभाऊ पुढे सरसावला. "अगं, पण मान बघ ना! शाळेत तू यातून उतरलीस तर मुख्याध्यापिका स्वतः पायऱ्या उतरून येईल. माणसाला किंमत..." बोलता बोलता त्याने हात पुढे केला, आणि तिथेच त्याचं घोडं अडलं.

पडदेताई त्याच्या अंगठ्याकडे बघत होती.

"हा माझा खडू."

"कुठला?"

"तुमच्या अंगठ्यावरचा. सकाळपासून तुम्ही माझ्या डब्याजवळ फिरकला नाहीत." तिने वाकून टायर पाहिला. काळ्या रबरावर एक ओला, पिवळसर डाग होता. ती सावकाश सरळ झाली. आवाज बिलकुल चढला नाही, त्यामुळेच रिव्हर्सभाऊला घाम फुटला. "रेघ होती, गोल होता, का फुली?"

"काय चाललंय?" मेहुणा म्हणाला.

"तू थांब. अहो, मी काय विचारतेय?"

गल्ली गप्प होती. खरं म्हणजे गल्ली मुळीच गप्प नव्हती, वाणी आणि न्हावी किमतीवरून भांडत होते, पण त्याला काही ऐकू येईना. रेघ म्हणावं, असं त्याच्या जिभेवर आलंही होतं. रेघ म्हणजे नुसता क्लच. क्लच काय, बदलता येतो.

"फुली," तो म्हणाला. "गुरुवारची. हीच ती गाडी."

"आणि तुम्ही पुसलीत."

"नुसती बॅटरीही असू शकते गं..."

"कापडाला डाग असला की मी तिथे फुली मारते," पडदेताई म्हणाली. "मग तिथे कात्री लावत नाही. मखमल कितीही सुरेख असू दे. सोमवारी आठला मला तिथे पोहोचायचंय. ही नाही निघाली, तर तुम्ही तिघं मला ढकलत नेणार का पलीकडच्या टोकाला?"

रिव्हर्सभाऊने हरणाकडे पाहिलं. हरिण आपलं उडतच होतं.

"मेहुणे," तो शेवटी म्हणाला, "त्या अजून एका माणसाला देऊन टाका."

"अहो दाजी, कुठे आहे तो माण..." मेहुण्याने जीभ चावली. मग चष्मा सावरून आत बसला आणि किल्ली फिरवली. गाडीने खाकरल्यासारखं केलं. पुन्हा फिरवली. पुन्हा खाकरणं. शेवटी वाण्याने, न्हाव्याने आणि रिव्हर्सभाऊने मिळून हरिण गल्लीच्या तोंडापर्यंत ढकललं, आणि ढकलताना न्हाव्याने विचारलं, "भाऊ, तुमची नाही ना?"

रिव्हर्सभाऊच्या रुसव्यात दुपार गेली, आणि शोरूममध्ये चार वाजून चाळीस मिनिटांनी तिघं धापा टाकत पोहोचली. त्याचं तोंड अजून उतरलेलंच होतं. विक्रीवाली मुलगी उत्साहाने सांगू लागली, "सर, पुढचा लूक..."

"डिकी," पडदेताई म्हणाली.

डिकी उघडली. तोंड रुंद, कड खाली, मागची सीट दोन भागांत आडवी होणारी. टेप पडला, ओठ हलले, आणि पडदेताईच्या चेहऱ्यावर हसू असं पसरलं की विक्रीवालीलाही वाटलं, आपण काहीतरी फार मोठं केलं. "टेबल जातं! मशीन जातं! नळ्या पुढच्या सीटपर्यंत! अहो, अख्खा रंगमंच मावेल हिच्यात!"

"चालवून बघा ना, सर."

तो नाइलाजाने बसला. दार एका हाताने ओढलं. गाडी मागच्या आवारात नेली. तिथे एका बाजूला खांब, दुसऱ्या बाजूला जनरेटर, मधे जेमतेम एक फट. सवयीने त्याने मान वळवली, आणि गाडी उलटी घेतली.

आता, हाताला खोटं बोलता येत नाही. स्टिअरिंग दोन बोटांत फिरलं. गाडी जागच्या जागी अशी वळली, की तो "अरे!" म्हणाला. क्लच लोण्यासारखा, मागचं सगळं नीट दिसणारं. एका दमात आत. तो बाहेर काढून पुन्हा आत गेला. मग दुसऱ्या बाजूने. मग खिडकीतून डोकं काढून ओरडला, "अगं, ही वळते बघ कशी! हरिण इथे तीनदा पुढेमागे झालं असतं! बावीस वर्षं मी हिला थांबा म्हणत होतो, गं!"

"बाबा, पाचला पाच कमी!" मुलगी ओरडली.

"मग सही कुठे करायची? पेन कुणाकडे आहे? पेन!"

तरी बाहेर पडताना त्याने एकदा मागे वळून बिल्ला पाहिला, आणि घरी पोहोचेपर्यंत विसरला. म्हणजे बिल्ल्याने आपलं काम चोख केलं.

सोमवारी पावणेआठला पांढरी गाडी शाळेच्या आवारात होती. टेबल आत, मशीन आत, मखमल आत, आणि मुलगी मखमलीच्या वर, मान वाकडी करून. दहापर्यंत दोन खिडक्यांची मापं घेऊन, कापड कापून, पहिली शिवणही घालून झाली होती. मुख्याध्यापिका येऊन बघून गेली, गाडीकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही, शिवणीवरून मात्र बोट फिरवलं आणि "वा," म्हणाली.

अकराला रिव्हर्सभाऊला आठवलं, की आपली ड्युटी बाराची आहे. आणि त्याबरोबर दुसरी गोष्ट आठवली, जी आठवडाभर कुणाच्याच डोक्यात आली नव्हती.

"अगं, मी गेलो तर संध्याकाळी हे सगळं घरी कोण नेणार?"

पडदेताईने दातांतली टाचणी काढली. "माझ्या पाकिटात सहा वर्षं परवाना पडलाय. गाडी नव्हती म्हणून पडलाय."

रिव्हर्सभाऊने किल्लीकडे पाहिलं. हजारो लोकांनी त्याच्या हातात किल्ल्या दिल्या होत्या. त्याने मात्र आजवर कुणाला दिली नव्हती, द्यायला होतीच कुठे? त्याने ती दिली, आणि जाऊन डावीकडे बसला. तिथून जग कसं दिसतं हे त्याला माहीत नव्हतं. बरंच वेगळं दिसत होतं, आणि सगळं अंगावर येत होतं.

शाळेच्या मैदानात गाडी एकदा बंद पडली, दोनदा बंद पडली.

"क्लच! क्लच सोड! सावकाश सोड! अगं, सावकाश म्हणजे..."

"ओरडू नका. पायाने मशीन चालवते मी रोज. तुम्ही कधी चालवलंत?"

तिसऱ्यांदा गाडी थरथरली आणि निघाली. मुलगी पायरीवरून टाळ्या वाजवत होती. पडदेताईने हनुवटी वर करून, स्टिअरिंग कात्रीसारखं घट्ट धरून, मैदानाला एक फेरी मारली, मग दुसरी. रिव्हर्सभाऊ नसलेला ब्रेक दाबत होता आणि "डावीकडे, डावीकडे!" म्हणत होता. बारा वाजून गेले होते.

"तुम्हाला हॉटेलवर सोडू का?" तिने विचारलं.

"आधी अजून एक फेरी मार," तो म्हणाला.