मेंढरं धुतली ती सकाळ

ओल्या लोकरीचा वास आला की मला घोडनदीचा डोह आठवतो. त्या सकाळी वडील जाऊन महिनाही झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी शिरूरच्या कॉलेजात बी.ए.चा शेवटचा पेपर होता. तो द्यायचा नाही, घरची मेंढरं सांभाळायची, असं मी ठरवलं होतं. वडील गेले तरी रडू आलं नव्हतं, मनाला काहीच वाटत नव्हतं. कातरणीआधी मेंढरं धुवायला चुलत्यांबरोबर डोहावर गेलो. काठावरच्या जुन्या करंजांची फुलं पाण्यावर पडत होती. वडील कळपाच्या पुढं चालणाऱ्या म्हाताऱ्या मेंढीला आधी पाण्यात घालायचे, की बाकीची मागोमाग उतरायची. मी तिला धरली, तर ती पाय रोवून उभीच राहिली. चुलते हसले, "ती तुला वळखत न्हाई. सुट्टीपुरता पाव्हणा तू." मी म्हणालो, "शिकेन की, आप्पा." "नगं. तुला शाळंत घातला तवाच तुझा बाप मला म्हणला हुता, 'पोरगं शिकू दे, मेंढरं आता तूच बघायची.'" त्यांनी मेंढी माझ्या हातातून घेतली. मी करंजाखाली बसलो. मेंढरांनी गढूळ केलेलं पाणी हळूहळू निवळलं, तोवर बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी पेपर दिला. आज नोकरी आहे, घर आहे, सगळं त्या दोघांमुळे आहे. वडिलांसाठी रडायचं मात्र अजून राहूनच गेलं आहे.