बॉनेट न उघडता केलेली जप्ती

होळीच्या आधीचा मंगळवार, सकाळचे पावणेअकरा. त्या वेळी नाक्यावर एक गाडी अडवली गेली, एका मुलीची परीक्षा बुडाली आणि तिचा बाप चोर ठरला. दोन्ही मी केलं. पोलीस अधिकारी आपल्या आठवणी खबरीपासून सुरू करतात. मी चुकीपासून करतो, कारण तो मंगळवार अजून डोक्यातून गेलेला नाही.

नावं देत नाही. ठाण्याचंही नाही. नंदुरबार जिल्हा, सातपुड्याचा पायथा, एवढं पुरे. मी तेव्हा उपनिरीक्षक होतो. वर्दी मी निवृत्तीच्या वयाच्या कितीतरी आधी उतरवली. नोकरीपूर्वी पत्रकं लिहायचो, आता पुन्हा तेच करतो.

आमच्या ठाण्यामागे जप्त गाड्यांचं आवार होतं. पलीकडे गुजरातेत दारूबंदी, म्हणून आमच्या हद्दीतून चोरटी दारू जायची. पकडलेल्या गाड्या आवारात उभ्या राहायच्या आणि खटला संपेपर्यंत त्यांच्या टपावर वेली चढायच्या. त्यात एक जुनी पांढरी अ‍ॅम्बेसेडर होती. सोमवारी न्यायालयाचं पत्र आलं: गाडी मालकाला परत द्यायची आहे, तिच्या स्थितीचा अहवाल पाठवा. आम्ही आवाराचं कुलूप काढलं, बॉनेट वर केलं, तर आत पोकळी. कार्बोरेटर नाही, डिस्ट्रिब्युटर नाही, सेल्फ नाही, रेडिएटर नाही.

मुद्देमाल सांभाळणारा हवालदार बाजूला उभा होता. किल्ली त्याच्या कमरेला.

"साहेब, पावसाळामा मागनी भीत पडेल व्हती ना," तो आवाराच्या मागच्या भिंतीकडे बोट दाखवत म्हणाला, "तव्हयच कोनी तरी सामान मारं व्हई."

गोष्ट लाजेची होती. ती मी, हवालदार आणि ठाणे अंमलदार, आम्हा तिघांनाच ठाऊक होती. त्या दोघांना मी तोंड बंद ठेवायला सांगितलं.

त्याच दुपारी गावातला एक गॅरेजवाला चहा प्यायला आला. अधूनमधून खबर द्यायचा, म्हणून ठाण्यात त्याला कोणी अडवत नसे. खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "साहेब, तुम्हनी अ‍ॅम्बेसेडरना कार्बोरेटर, सेल्फ, रेडिएटर गयात ना? मंग इचार काय करतस? चालती अ‍ॅम्बेसेडर सारा तालुकामा एकच शे. नानानी. परवाच त्यानी रेडिएटर बदलं."

मला पटलं. इथे दुसऱ्या कुणाला त्या पार्टांचा काय उपयोग? ज्याला गरज, तो चोर. मी तेवढ्यावरच थांबलो.

नाना म्हणजे तापीकाठच्या गावचा पन्नाशीतला शेतकरी. अ‍ॅम्बेसेडर त्याच्या वडिलांनी सरकारी लिलावात घेतलेली. तो ती रोज चालवायचा, आणि कारण एकच होतं: मुलगी. तिचा उजवा पाय वाकत नाही, लोखंडी कॅलिपर लावून चालते. एसटीची पायरी चढता येत नाही, मोटारसायकलवर बसता येत नाही, रिक्षात पाय बाहेर राहतो. अ‍ॅम्बेसेडरच्या मागच्या सीटवर मात्र ती पाय सरळ पसरून बसू शकते. ती प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा कोर्स करत होती. गाडी बंद, तर शिक्षण बंद.

मंगळवारी मी नाक्यावर गाडी अडवली आणि ठाण्यात आणली. नानाला उतरायला सांगितलं. मागच्या काचेतून मुलगी म्हणाली, "पहिले माले उतारा, मंग गाडी जप्त करा. अन् मन्ही साडेअकराले प्रॅक्टिकल परीक्षा शे."

"पाच मिनिटांचं काम आहे," मी म्हणालो.

असं प्रत्येक पोलीस म्हणतो. लोक विश्वास ठेवतात, त्यांना दुसरा पर्याय नसतो.

तिला ठाण्याच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. नानाला आत फरशीवर. चौकशी सुरू झाली.

"रेडिएटर कुठून आणला?"

"सुरतना भंगारबजारमाईन."

"पावती?"

"भंगारवाला पावती देस का साहेब? तो पान थुकस अन् लई जा म्हनस."

"आणि फॅन बेल्ट?"

"पीठनी चक्कीना."

"दरवाजाचं हँडल?"

"घरना कपाटनं. वायपरनी मोटर तर कोनती गाडीनी शे ते देवले माहीत. एकच बाजू पुसस. चालस, मी बी एकच बाजूले बसस."

हवालदार फिसकन हसला. मी हसलो नाही. माझ्या कानाला हे सगळं कबुलीजबाबासारखं लागत होतं. एका गाडीत इतक्या गाड्यांचे तुकडे आणि पावती एकाचीही नाही! खरं तर तो मला सांगत होता की कंपनीने बनवणं सोडलेली गाडी माणूस रोज कशी जगवतो. दर अमावास्येला मालेगाव, महिन्याआड सुरत, मधल्या काळात सोनाराकडून तार आणि चांभाराकडून चामड्याचे वायसर. मी ऐकलं ते फक्त चोराचं ऐकतात तसं.

"साहेब, एकदाव मन्ही गाडीनं बॉनेट उघडा," तो म्हणाला. पुन्हा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मी टेबलावर हात आपटला. वेळ काढतो आहे, असं वाटलं मला.

दारातून मुलीचा आवाज आला. "साहेब, साडेअकरा वाजी ग्यात." ओरडली नाही. वेळ सांगितली.

मी जप्ती पंचनामा लिहिला. पंच कोण? समोरचा चहावाला आणि शेजारचा झेरॉक्सवाला. आमचे कायमचे. चहावाल्याने एका हातात पातेलं धरून दुसऱ्या हाताने सही केली. गाडीकडे त्याने मान वळवूनही पाहिलं नाही. मी गाडीचं वर्णन एका ओळीत उरकलं: "पांढऱ्या रंगाची अ‍ॅम्बेसेडर कार, जुनी वापरती, चालू स्थितीत." गाडी आवारात गेली. नाना कोठडीत. मुलीला मामा येऊन घेऊन गेला, टेम्पोच्या मागे गादी टाकून.

बुधवारी मी नानाला आवारात नेलं, पोकळ अ‍ॅम्बेसेडरसमोर उभं केलं आणि म्हणालो, "दाखव, यातून काय काय काढलंस."

त्याने आत वाकून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, हाई पेट्रोलनी शे. मन्ही डिझेलनी. डिझेलले कार्बोरेटर ऱ्हास नही. डिस्ट्रिब्युटर बी नही. चोरीसन काय करू? देव्हारामा मांडू?"

मग स्वतःच चालत आपल्या गाडीपाशी गेला आणि बॉनेट वर केलं. डिझेल इंजिन. मला गाड्यांतलं फार कळत नाही, पण तेवढं कळलं. रेडिएटरवर सुरतेच्या दुकानाचा रंगाने लिहिलेला नंबर अजून होता.

"कालपाईन सांगी ऱ्हायनू," तो म्हणाला.

तिथेच उभं असताना मला सोमवार आठवला. ती गाडी आतून पोकळ झाल्याचं आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. मग गॅरेजवाल्याला पार्टांची यादी कुणी दिली?

त्याला बोलावलं. तो तासभर इकडचं तिकडचं बोलला. मी एकच प्रश्न लावून धरला: कार्बोरेटर गेलाय हे तुला कसं कळलं? शेवटी चिडला. "मी काय कुलूप तोडं का? तुम्हनाच मानूसनी उघडी दिन्हं! दिवसा, साहेब, चहाना टाइमले. सडीच तर ऱ्हायंथी गाडी." माल सुरतेत, लग्नांत जुन्या गाड्या सजवून भाड्याने देणाऱ्याकडे गेला होता. नानावर बोट दाखवायची कल्पना हवालदाराची.

गुन्ह्याचा तपास इथे संपला. गॅरेजवाल्यावर गुन्हा दाखल झाला. हवालदाराची विभागीय चौकशी लागली, पुढे त्याची बदली झाली. नाना सुटला. ठाण्याच्या मोठ्या साहेबांनी माझी पाठ थोपटली. दोन दिवसांत तपास उलगडला, म्हणे!

पण नानाची गाडी सुटली नव्हती. ती आता मुद्देमाल होती. न्यायालयाच्या हुकमाशिवाय आवाराबाहेर येणार नव्हती. आणि चार्ज देण्याघेण्याचे कागद पुरे व्हायचे होते, म्हणून आवाराची किल्ली आणखी काही दिवस त्याच हवालदाराच्या कमरेला राहिली. मला हे दिसत होतं. मी बोललो नाही. 'आता तो कशाला हात लावेल,' असं स्वतःला सांगितलं.

हुकूम आला तेव्हा होळी होऊन गेली होती. नाना बॅटरी घेऊन आला. गाडी सुरू होईना. त्याने बॉनेट वर केलं आणि आत हात घालून पंप चाचपला.

"हाऊ पंप मन्हा नही."

त्याचा चालता डिझेल पंप काढून जागी मेलेला बसवला होता.

"कशावरून तुझा नाही?" साहेबांनी विचारलं. पंचनामा काढला. पंपाचा नंबर नाही. पंपाचा उल्लेख नाही. रंग पांढरा, चालू स्थितीत. कागदावर काहीच चोरीला गेलेलं नव्हतं. अक्षर माझं होतं.

गाडी ट्रॅक्टरला दोर बांधून घरी गेली. पंप मिळायला नानाला चार महिने लागले. मुलीचं वर्ष गेलं. प्रॅक्टिकल चुकलं की पूर्ण वर्ष परत.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. आपला संशय गरजवंताच्या दारात जाऊन बसतो. किल्ली ज्याच्या हातात असते, त्याला आपण चहा विचारतो. ठाण्यात हे रोज चालतं आणि त्यावर कुणी विभागीय चौकशी लावत नाही.

राजीनामा दिल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. नाना गाडीखाली झोपून काहीतरी आवळत होता, बाहेर आलाच नाही. मुलगी ओट्यावर बसली होती. मी माफी मागितली.

"तोंडी नको साहेब," ती म्हणाली. "तुम्हन्या सगळ्या गोष्टी लिखेल ऱ्हातस ना? मंग हाई बी लिखी द्या."

हे लिहून दिलं.

आता तुमच्याबद्दल. आज जप्तीचं चित्रीकरण करायचा नियम आहे. चित्रीकरण होतं नंबरप्लेटचं. आणि पंच अजूनही चहाची टपरी सोडून उठत नाहीत. उद्या एखादा पोलीस तुम्हाला रस्त्यात थांबवेल आणि म्हणेल, "जरा सही द्या, पाच मिनिटांचं काम आहे." तेव्हा गाडीपाशी जा. बॉनेट वर करायला लावा. इंजिन, पंप, बॅटरी, टायर, जे जे दिसेल ते नंबरासह कागदावर घ्यायला लावा आणि स्वतः वाचा. अधिकारी चिडेल. चिडू द्या. लिहिलं नाही, तर सही करू नका.