वहिनीच्या पायातलं घोंगडं

आमच्या गावच्या घरात पायात काही घालून कुणी वावरत नाही. वहाणा दाराबाहेर राहतात. जमीन शेणानं सारवलेली, त्यामुळं ऐन थंडीतही ती पायाला चावत नाही. घरात घालायची वेगळी पायताणं असतात, हे मला शहरात आल्यावर कळलं. तसल्या पायताणांवरून मी कधी कुणावर जळेन, असं मात्र वाटलं नव्हतं.

करमाडच्या बाजूला आमचं गाव. आबांची मेंढरं आहेत, थोडी कोरडवाहू जमीन आहे. दादा दहावीनंतर वाळूजच्या एका कंपनीत लागला आणि लग्नानंतर त्यानं तिथंच भाड्यानं दोन खोल्या घेतल्या. वर पत्रे, खाली शहाबादी फरशी. मी औरंगाबादला कॉलेजात, वसतिगृहात राहायचो. घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला. माय एकदा तरी येऊन माझी खोली बघेल, मी कुठं बसून वाचतो ते बघेल, असं मला फार वाटायचं. सुट्टीत गेलो की मी विषय काढायचो.

"मेंढरं कुनी बघायची?" ती म्हणायची. "तुझं कॉलेज काय पळून चाललंय का?"

विद्यापीठाचं नामांतर झालं त्या संक्रांतीची ही गोष्ट. वर्गात माझ्या बाकावर बसणारा मित्र पेढे घेऊन आला. विद्यापीठाच्या गेटपाशी त्याचे आईवडील, चुलते, सगळेच गेले होते. आईनं गेटला हात लावून तो कपाळाला लावला, असं त्यानं दोनदा सांगितलं. मी पेढा खाल्ला, त्याचा हात हातात घेतला. पण माझ्या मनात भलतंच आलं होतं. याच्या आईनं विद्यापीठाचं गेट बघितलंय. माझ्या मायला मी शहराच्या कोणत्या अंगाला शिकतो तेही ठाऊक नाही.

त्याच दिवसांत ठिकठिकाणी बंद झाले, दगडफेक झाली, काही गावांत दलितांच्या घरांवर माणसं चालून गेली. एसट्या थांबल्या. रेक्टरांनी सगळ्यांना आपापल्या घरी जायला सांगितलं. मी ट्रंक सायकलला बांधली आणि दादाच्या खोलीवर गेलो.

दार उघडलं ते मायनं.

मला इतका आनंद झाला की ट्रंक तशीच सायकलवर राहिली. पण तिनं ओठावर बोट ठेवलं. "हळू बोल. पोरगी आत्ता निजलीय."

वहिनी बाळंत झाली होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तसं ठरलंही होतं. वहिनीचं माहेर पैठणच्या पुढं, धरणाच्या अंगाला. संक्रांत झाली की तिची आई येऊन तिला घेऊन जाणार होती. पण गाड्या बंद पडल्या आणि कळा आधीच सुरू झाल्या. दादानं गावी निरोप धाडला, आणि जी माय माझ्यासाठी मेंढरं सोडत नव्हती ती दुधाच्या टेम्पोत बसून आली. मुलगी झाली. माय त्या दोन खोल्यांची मालकीण झाली.

आतल्या खोलीत बाज, बाजेखाली शेगडी, ओव्याचा वास. वहिनीच्या कानात कापूस, डोक्याला फडकं. तिच्यासाठी हाळिवाची खीर, डिंकाचे लाडू, लसूण घालून बाजरीची गरम पेज. दादा पाळीवरून आला की त्याला तव्यावरची भाकरी, कारण तो कमावून आलेला. आणि मला?

"दुरडीत भाकरी हाय बघ. वाढून घे तुझं तू. तू काय पाव्हना हायेस?"

मी वाढून घ्यायचो. बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून अर्थशास्त्राचं पुस्तक मांडीवर घ्यायचो आणि आतलं ऐकत बसायचो. माय वहिनीच्या पायाला तेल चोळताना गाणं गुणगुणायची. तेच गाणं लहानपणी ती मला चोळताना म्हणायची, असं मला वाटायचं. आठवत काही नव्हतं, पण ते माझंच आहे असं मी धरून चाललो होतो.

एका दुपारी मी नळावरून पाणी घेऊन आलो. वहिनी बाजेवरून उतरून हळूहळू चालत होती आणि तिच्या पायांत काहीतरी काळं होतं. जाड, मऊ. घोंगड्याचा दुहेरी तुकडा खाली, वर रुंद पट्टा, कडेनं दाभणानं घातलेले टाके. काठाची पांढरी रेघ बरोबर अंगठ्यावर आलेली. ती रेघ मी ओळखली.

कॉलेजला निघालो तेव्हा मायनं मला ते घोंगडं दिलं होतं. लोकर आमच्याच मेंढरांची, सूत तिनं स्वतः काढलेलं. आमच्यात घोंगडं म्हणजे देवाचं. देव त्याच्यावर बसवतात, पाहुण्याला त्याच्यावर बसवतात, पण त्याला वहाण लागू देत नाहीत.

"माय, हे माझं घोंगडं हाय."

"व्हय, तुझंच. कपडे उन्हात टाकावं म्हनून ट्रंक उघडली, तर खाली हे. कसर लागली होती. चांगलं राहिलं तेवढ्याच्या सपाता केल्या. फरशी कशी बर्फावानी हाय बघ. बाळंतिनीच्या पायातनं गारठा शिरला की जन्माचं दुखनं."

वहिनी संकोचून उभी होती. "मी नको म्हनत होते, भावजी. आत्याबाई ऐकतच नाहीत. पाप लागंल म्हनलं मी."

"लागलं तर मला लागंल. कापलं मी, शिवलं मी," माय म्हणाली.

"मला विचारायचं तरी."

"काय विचारायचं? मागल्या दिवाळीला तूच म्हनला ना, खोलीतली पोरं हसत्यात, मेंढराचा वास येतो म्हनून?"

म्हणालो होतो खरं. पण तेवढ्यानं जळायचं थांबत नाही. त्या दिवसापासून वहिनी चालू लागली की माझे डोळे तिच्या पायांवर जायचे. फरशीवर त्या सपातांचा आवाजच होत नसे. मला वाटायचं, ती माझ्या अंथरुणावरून चालतेय. रात्री मी दादाची जुनी चादर पांघरायचो आणि पाय पोटाशी घेऊन झोपायचो. आता मेंढराचा वास हवाहवासा वाटत होता आणि तो भिंतीपलीकडं दुसऱ्याच्या पायाशी होता. मी वहिनीशी बोलणं कमी केलं. तिनं "भावजी, चहा घेता का?" विचारलं तर मी नुसती मान हलवायचो, बस.

आबा आले की बघू, असं मी मनात धरलं. आबा देवाधर्माचे कडक. घोंगड्यावर कुणी चुकून चप्पल ठेवली तर ते तिथंच चार शब्द सुनावायचे. माझ्या बाजूनं बोलणारं घरात तेवढंच एक माणूस होतं.

आबा नातीला बघायला आले. पटका, हातात काठी, खांद्यावर लाडवांची पिशवी. सासऱ्यांचा आवाज ऐकताच वहिनीनं घाईनं सपाता काढल्या आणि बाजेखाली सरकवल्या. आबांनी पोरीला बघितलं, "नाक आमच्या आईचं हाय," असा निकाल दिला आणि बाहेरच्या खोलीत बसले. फरशीला हात लावून बघितला आणि मला म्हणाले, "गार हाय रं. तुझं घोंगडं आन बरं, टेकतो जरा."

हीच ती वेळ होती. मी मायकडं बघितलं. मायनं पदर खोचला.

"घोंगडं नाय. मी कापलं."

"कापलं?"

"सुनंसाठी सपाता केल्या. घरात घालायला."

आबांनी काठी उगाच इकडची तिकडं ठेवली. आत वहिनी श्वास धरून उभी असणार. मी मात्र आतून उकळत होतो, बोला, आबा, आता तरी बोला.

"देवाचं घोंगडं, पायात घालायला?" अखेर ते म्हणाले.

"बाळंतीन हाय ती. उद्या हातपाय धरले तर तुमी येनार हाय चोळायला?"

आबांनी मिशीवरून हात फिरवला. आमच्या गावात मेंढरांवरून भांडण झालं की पंचांत त्यांना बसवतात. तसेच ते ताठ बसले. मग आतल्या दाराकडं तोंड करून म्हणाले, "पोरी, घाल. पर उंबऱ्याच्या आत. त्या पायानं भाईर जाऊ नको म्हंजे झालं."

"जी, मामंजी," आतून आवाज आला.

संपलं. निवाडा झाला आणि घोंगडं कुणाचं होतं, हे पंचानं विचारलंही नाही. वर आबा मला म्हणाले, "बसलाय काय तोंड पाडून? पानी आन."

दुसऱ्या दिवशी आबा परत गेले. माय नळावर कपडे धूत होती. मी पुस्तक घेऊन बसलो होतो तेवढ्यात वहिनी मुलीला खांद्यावर घेऊन आतल्या दारात आली. पायांत काही नव्हतं.

"भावजी, एक बोलू? राग धरू नका."

"बोला."

"तुमी माझ्यावर रुसलात ते मला कळतं. सपाता घेऊन टाका पाहिजे तर. पर तुमची आई तुमच्यासमोर हाय. दिसती, बोलती, रागावती. माझ्या आईनं अजून पोरीचं तोंड बघितलं नाय. सांजच्याला आत्याबाई तुमच्याशी भांडत्यात ना, ते आतून ऐकताना मला..." तिनं मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "लई हेवा वाटतो तुमचा."

त्या घरात हेवा करणारा मी एकटाच आहे असं मी धरलं होतं. माझ्याजवळ हेवा करण्यासारखं काही असेल, हे ध्यानातच आलं नव्हतं. "फरशी गार आहे, वहिनी. घाला त्या," एवढंच मला म्हणता आलं.

संध्याकाळी दादाला विचारलं तर तो म्हणाला, "हिच्या आईला आनायला पाहिजे, कळतंय रे मला. पर सुट्टी मागितली की सुपरवायझर म्हनतो, कायमची घे." मग मीच म्हणालो, एसट्या सुरू झाल्यात, मी जातो. हे मी वहिनीसाठी केलं असं कुणी म्हटलं तर मी गप्प राहीन. पण तिची आई आली की माझी माय मोकळी होईल, हा हिशेबही माझ्या डोक्यात होता.

पैठणच्या गाडीच्या दोन खिडक्यांना काच नव्हती. थांब्याथांब्यावर पोलीस बसलेले. एका गावाबाहेरच्या वस्तीत रस्त्याकडंच्या घराचा वासा जळून काळा पडला होता. समोर उघड्यावर एका बाईनं चूल मांडली होती, शेजारी पातेलं, गोधडी, पोराची पाटी. गाडीतली माणसं बोलायची थांबली आणि वस्ती मागं पडल्यावर पुन्हा बोलू लागली. मला पेढे घेऊन आलेला मित्र आठवला. त्याचं गाव कोणतं, हे मी कधी विचारलं नव्हतं. बराच वेळ मला माझ्या घोंगड्याची आठवण झाली नाही. पण खरं सांगायचं तर गाडी पैठणला पोचली तेव्हा, माय मोकळी झाली की काय काय बोलायचं, हे मी पुन्हा ठरवायला लागलो होतो.

वहिनीची आई बारीक, तुरुतुरु चालणारी बाई. मी निरोप सांगताच तिनं गाठोडं बांधलं, परतीच्या वाटेत ते मांडीवरून खाली ठेवलं नाही. खोलीवर पोचल्यावर चपला काढून ती सरळ आत गेली. आत दोघी मायलेकी रडल्या. माय दारात उभी राहून पदरानं डोळे पुसत होती. त्या दिवशी सगळं गोड होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आतून आवाज आला, "इहीनबाई, शेक जरा जास्तच होतोय. आमच्यात एवढा नाय देत."

"आमच्यात देतात," माय म्हणाली.

मग खिरीत गूळ कमी निघाला. मग पोरीला न्हाऊ घालायची पद्धत चुकली. दुपारपर्यंत आतल्या खोलीत वहिनीची आई आणि बाहेर माझी माय, अशी वाटणी झाली. माय येऊन माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसली. एवढे दिवस मी ज्याची वाट बघत होतो, ते असं घडलं.

"आली लेकीची आई. आता सासू कशाला लागती?" ती पुटपुटली. आतून गुणगुणणं ऐकू आलं, वेगळ्याच चालीचं. मायची मान तिकडं वळली. "आवाज तरी हाय का? पोरगी भिऊन उठंल."

ती कशानं तळमळतेय ते मला पुरतं कळत होतं.

थोड्या वेळानं तिनं माझ्या पुस्तकाकडं बघितलं. "काय वाचतो एवढं?"

हा प्रश्न तिनं आजवर विचारला नव्हता. मी घाबरलोच. "अर्थशास्त्र. म्हणजे, भुकेल्या माणसाला पहिली भाकरी फार गोड लागते, दुसरी त्याहून कमी, तिसरी अजून कमी. त्याचा नियम आहे."

"हे शिकायला कॉलेजात जातो व्हय? मला विचारलं असतं तर चुलीपुढंच सांगितलं असतं." पण ती हलली नाही. "वाच बरं. काय लिहिलंय बघू."

मी वाचू लागलो. उपयोगिता, उपभोक्ता, समाधान. एकही शब्द तिला नीट कळत नसणार. तिचा एक कान माझ्याकडं होता आणि एक आतल्या खोलीकडं, हे मला दिसत होतं. म्हणजे आत्ताही ती पुरती माझी नव्हती. तरी मी थांबलो नाही. आत मायलेकी कशाला तरी हसल्या. मायनं कोपरानं मला ढोसलं.

"मोठ्यानं वाच की," ती म्हणाली. "आत ऐकू गेलं पाहिजे."