लिटमसकाकांचं वर्गमूळ

लोकर रंगवण्याच्या कारखान्यात बावीस वर्षं काढलेल्या रंगाऱ्याला सगळे लिटमसकाका म्हणत. त्यांचा डावा हात कोपरापर्यंत निळा, उजवा लाल. अंघोळीनंतरही. बायको म्हणायची, "जेवताना तरी एका रंगाचे व्हा."

ते शाळेत फार टिकले नाहीत. रसायनशास्त्र शिकले ते मुलीचा अभ्यास घेताना. मुलगी पुढे तो विषय सोडून मोकळी झाली, बाप मात्र त्यात अडकून बसला.

तर एके सकाळी मालकांचे नवे जावई मीटर घेऊन आले. सासऱ्यांनी त्यांना व्यवस्थापक केलं होतं, कारण घरात त्यांना दुसरं काही करता येत नव्हतं. त्यांनी मीटर आम्लाच्या टाकीत बुडवला. पीएच दाखवला दोन पूर्णांक नऊ.

"एक यायला हवा!" जावई ओरडले. "लिटरमागे मोलाचा दहावा हिस्सा, म्हणजे पीएच एक. आकडा वाढला म्हणजे आंबटपणा घटला. काका, आम्ल विकून पाणी भरलंत ना?"

त्यांनी तिथेच कामावरून काढल्याचं पत्र लिहिलं. कारण, चोरी. धुलाईवाल्या बायका हातातली लोकर तशीच धरून उभ्या राहिल्या.

काका सावकाश म्हणाले, "जावईबापू, एकावरून दोन पूर्णांक नऊवर न्यायला ऐंशी पट पाणी लागलं असतं. टाकी उतू गेली असती आणि तुम्ही पोहत आला असता."

एक बाई फिसकन हसली.

"मग मीटर बिघडलाय!"

"बिघडला नाही. नवा सीलबंद कॅन आणा. तुमच्या हाताने त्याच प्रमाणात पाण्यात मिसळा."

जावयांनी बादलीत मिसळलं. घाम पुसून मीटर बुडवला. पुन्हा दोन पूर्णांक नऊ. आता बायका उघड हसू लागल्या.

काकांनी खडू घेऊन टाकीवरच गणित मांडलं. "तुम्ही धरलं, सगळे कण फुटतात. ते जोरकस आम्लाचं. हे अ‍ॅसिटिक, तुमच्यासारखं निवांत. शंभरातला एखादाच कण फुटतो, बाकीचे लोळत पडतात. याचा स्थिरांक एक पूर्णांक आठ गुणिले दहाचा उणे पाचवा घात. त्याला दहाव्या हिश्श्याने गुणा, वर्गमूळ काढा, लॉग घ्या, चिन्ह बदला. दोन पूर्णांक सत्याऐंशी."

जावयांनी फोनवर तीनदा करून पाहिलं. तिसऱ्या वेळी त्यांचा चेहरा काकांच्या उजव्या हातासारखा झाला.

ते हळूच म्हणाले, "पण वर्गमूळ कशासाठी?"

"कण फुटला की त्याचे दोन तुकडे होतात, दोन्ही संख्येने सारखेच, म्हणजे गुणाकारात तोच आकडा दोनदा येतो. म्हणून. बसा, पहिल्यापासून सांगतो. आधी ते पत्र फाडा. चार तुकडे करा, दोन पुरायचे नाहीत."

जावयांनी पत्र फाडलं आणि ते रंगाच्या एका उपड्या बादलीवर बसले. बादलीचा निळा रंग अजून ओला होता. काकांना ते दिसत होतं. त्यांनी धडा तासभर लांबवला.