जर्मनचं चाक

कोणतीही वस्तू हातात आली की अण्णा आधी ती उलटी करून बघायचे. पेला, कुलूप, नवी चप्पल, काहीही. मग डोकं खाजवत म्हणायचे, "हे कसं काय केलं असंल?"

उदगीरच्या कचेरीत आमची टेबलं शेजारी होती, घरंही एकाच गल्लीत. रविवारी अण्णा अंगणात फुटकी जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, भांडी वितळवायचे. त्यांना स्वतःच्या हौसेच्या इंजिनासाठी चाक ओतायचं होतं. लाकडी चाक ओलसर वाळूत दाबायचं, अलगद काढायचं, उरलेल्या पोकळीत रस ओतायचा. चाक कधी अर्धंच यायचं, कधी भोकाभोकांचं. तुम्ही हसला असतात, आम्हीही हसायचो.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. टँकरपुढे घागरींची रांग लागायची. अण्णांच्या पत्नी, आमच्या अक्का, एकदा तडकल्या, "माणसं तहानली हायत अन् तुमची वाळू पाणी पितीय!" अण्णा ओशाळले. आंघोळीचं पाणी वाचवून शिंपडू लागले. पण किती शिंपडावं, हे त्यांना काही उमगेना.

एका रविवारी पाणी जास्त झालं. रस ओतताच साच्यातून वाफ उसळली, तापलेले थेंब उडाले आणि एक अक्कांच्या पावलावर पडला. मी धावत गेलो तर अण्णा घागरीच पावलावर रिकाम्या करत होते. "मी काय केलं? काय केलं मी?" एवढंच चाललेलं.

जखम भरली. भट्टी थंडच राहिली. कचेरीत अण्णा भलत्याच टेबलावर फायली ठेवू लागले.

त्यातच लातूर जिल्हा झाला आणि अण्णांची तिकडं बदली झाली. निघायच्या आधीच्या रविवारी अक्कांनीच भट्टी पेटवली. वाळूवर पाणी शिंपडलं, मूठभर वाळू दाबून पाहिली. मुटका जमला, म्हणजे पाणी बेताचं.

"ओता आता."

"तुला भ्या न्हाई वाटत?"

"लई वाटतंय. ओता तुमी."

चाक निघालं. एका अंगाला जरा खोलगट, पण अख्खं. अण्णा बावचळून माझ्याकडं बघू लागले. "आता पुढं काय करायचं असतंय?" मला तरी कुठं ठाऊक होतं!

एसटीत त्यांना एकच जागा मिळाली. कंडक्टर म्हणाला, "ते चाक टपावर टाका."

"न्हाई," अक्का म्हणाल्या आणि त्यांनी ते पदराखाली मांडीवर घेतलं.

अण्णा दांडीला धरून उभे होते. काही न समजल्यासारखे अक्कांकडं बघत होते. गाडी लातूरच्या रस्त्याला लागली. त्यानंतर अण्णा मला दिसले नाहीत.