सोवनी सर आणि फोटोतला पाचवा माणूस

प्रा. दिनकर सोवनी यांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. बुधवार पेठेतल्या आमच्या संस्थेच्या ग्रंथालयात छायाचित्र विभाग माझ्याकडे होता. युद्धकाळात पुण्यात आलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन आम्ही मांडले होते. सर एका चौकटीपुढे बराच वेळ उभे राहिले आणि मग माझ्या टेबलाशी आले.

"बाई, तिसरा फोटो उलटा छापलाय."

"माणसं डोक्यावर उभी दिसतायत का?"

"नाही. पदकांच्या फिती डाव्या खिशावर लावतात. इथे उजव्या खिशावर दिसतायत. एकाने चुकून लावल्या असं म्हणता येईल. सगळ्यांनी नाही."

"लेखी द्या."

"कागद द्या."

कागद दिला. ते गेल्यावर निगेटिव्ह काढून उजेडात धरली. फोटो उलटाच छापला होता. पुढच्या गुरुवारी सर पुन्हा आले तेव्हा चौकट सुधारलेली होती, पण त्यांनी तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. म्हणाले, "पुढचा खण उघडा." त्या दिवसापासून मी त्यांची विद्यार्थिनी झाले. हे मी त्यांना कधी सांगितले नाही आणि त्यांनी विचारले नाही.

सर एका महाविद्यालयात गणित शिकवत. दुपारचे तास संपले की ते आमच्या वाचनकक्षात खिडकीजवळच्या टेबलाशी बसत. आमच्याकडच्या बहुतेक फोटोंच्या मागे काही लिहिलेले नव्हते. इतरांना त्यांत 'गोरे सोल्जर' दिसत. सर टोपीपासून सुरुवात करीत, मग बिल्ला, खांद्यावरची अक्षरे, बाहीवरची कापडी खूण, पट्टा, आणि सर्वांत शेवटी चेहरा. चेहऱ्याने फसगत होते, असे ते म्हणत.

एकदा एक संग्राहक मोठ्या थाटात आले. त्यांच्या फोटोतल्या सैनिकांच्या टोपीवर एका रेजिमेंटचा बिल्ला होता आणि ती रेजिमेंट आफ्रिकेत लढल्याचे त्यांनी वाचले होते. तेव्हा हेही आफ्रिकेत लढले, असे ते सांगू लागले. सरांनी त्यांना बसायला सांगितले.

"आपण सदाशिव पेठेत जाऊन नुसतं 'जोशी कुठे राहतात' असं विचाराल का?"

"नाही."

"का?"

"दारोदार जोशी असतील."

"रेजिमेंट हे आडनाव आहे. बिल्ला आडनाव सांगतो. माणूस म्हणजे बटालियन. एक बटालियन आफ्रिकेत, दुसरी ब्रह्मदेशात, तिसरी अजून विलायतेत कवायत करतेय. आपले जोशी कोणते?"

"मग ही कोणती बटालियन?"

"माहीत नाही."

संग्राहक नाराज होऊन गेले. सरांचे हे 'माहीत नाही' फार जणांना झोंबले आहे. आपल्या शहरात व्यासपीठावरून ते कोणी म्हणत नाही. मी मात्र त्यांच्याकडून पलटणींच्या खुणांपेक्षाही हेच शिकले: जेवढे दिसते तेवढेच लिहायचे आणि उरलेली जागा कोरी ठेवायची.

त्यांच्या मायेचीही एक रीत आहे. माझे यजमान इस्पितळात होते तेव्हा सर रोज येत. तब्येत एकदाच विचारीत. मग पिशवीतून एक फोटो आणि भिंग काढून बाकावर माझ्या हातात देत. "हे कोण ते बघून ठेवा. मी चहा घेऊन येतो." तो चहा यायला बराच वेळ लागे. ते मुद्दामच उशीर करीत, हे मला फार नंतर समजले. त्या वेळात माझे लक्ष कुठेतरी लागलेले असे, एवढेच त्यांना हवे होते. यजमान गेल्यावर सांत्वनाला आलेल्यांची भाषणे मी विसरले. ते फोटो अजून आठवतात.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला ती सांगते. सरांच्या या गौरवग्रंथाच्या समितीला ती आवडणार नाही.

एके दिवशी अनुसयाबाई साळवे नावाच्या बाई ग्रंथालयात आल्या. वय तेव्हाच सत्तरीपुढे होते. त्यांनी रुमालात गुंडाळून एक फोटो आणला होता. पुणे कॅम्पातल्या एका बराकीसमोर पाच माणसे उभी आहेत. चार गोरे, आणि उजव्या टोकाला एक सावळा माणूस. त्याच्याही अंगावर गणवेश आणि डोक्यावर तशीच रुंद काठाची टोपी.

"हे माझे बाबा, भिवा साळवे," त्या म्हणाल्या. "पलटणीत होतो म्हणायचे. लोक हसायचे. साहेबाच्या चुलीपुढे बसायचा, म्हणे पलटणीत होतो. टोपी फोटोवाल्याने घातली असेल, असं म्हणायचे. खरं काय ते एकदा बघा."

सरांनी तो फोटो महिनाभर सोडला नाही. बिल्ल्यांचा उपयोग नव्हता. उन्हाने चमकून त्यांचे पांढरे ठिपके झाले होते. पण पाचही टोप्यांच्या पट्ट्यावर एकाच आकाराचा दोन रंगांचा कापडी तुकडा शिवलेला होता, आणि तो प्रत्येक बटालियन आपापला ठरवीत असे. सरांनी भारतातल्या ब्रिटिश बटालियनची रचना कागदावर मांडून दाखवली. कंपन्या, त्यांतल्या तुकड्या, आणि खाली स्वयंपाकी, पाणके, धोबी, सफाईवाले. ही भारतीय माणसे रीतसर नाव नोंदवून घेतलेली असत आणि बटालियनच्या मंजूर संख्येत मोजली जात. साहेबाने घरी ठेवलेला नोकर वेगळा.

"तुमचे वडील स्वयंपाकी होते," सर अनुसयाबाईंना म्हणाले. "आणि पलटणीतच होते. घरगड्याच्या टोपीवर पलटण आपली खूण शिवत नाही."

"पलटण कोणती, सर?"

"माहीत नाही. सारख्या आकाराचा तुकडा लावणाऱ्या दोन बटालियन सापडल्या. फरक रंगाचा आहे आणि फोटोत रंग नाही."

अनुसयाबाईंनी तो फोटो संस्थेला प्रत करून घेऊ दिला. मी स्वतः त्यांना सांगितले होते, की नीट नाव घालून छापू.

पुढे संस्थेने युद्धकाळातल्या पुण्याचा सचित्र ग्रंथ काढला. त्यातल्या फोटोंखालच्या ओळी सरांनी कित्येक वर्षे बसून, मानधन न घेता लिहिल्या होत्या. प्रुफे आली तेव्हा या फोटोखाली सरांच्या ओळीऐवजी एका नामांकित रेजिमेंटचे नाव होते आणि पुढे शब्द होते: 'चार जवान व त्यांचा नोकर'. सर प्रुफे घेऊन कार्यवाहांच्या खोलीत गेले. मी बरोबर होते.

"सर, तो तुकडा लाल-निळाच आहे हो," कार्यवाह म्हणाले. "ती प्रसिद्ध रेजिमेंट आहे. वाचकालाही बरं वाटतं."

"आपल्याला लाल दिसला, की लाल हवा होता?"

"बरं, ते राहू द्या. पण तो पाचवा शेवटी स्वयंपाकीच ना?"

"स्वयंपाकीच. आणि डावीकडून दुसरा बँडवाला आहे, त्याच्या बाहीवर वाद्याची खूण आहे. वाजवणारा जवान आणि त्याला जेवू घालणारा नोकर, ही वाटणी कुठल्या कोष्टकात आहे? पलटणीच्या तर नाही."

"एका शब्दाने वाचणाऱ्याला काय फरक पडतो?"

"वाचणाऱ्याला नसेल. ज्यांचा फोटो आहे त्यांना पडतो."

कार्यवाह हसले आणि चहा मागवला. सर चहा न घेता उठले. ग्रंथ निघाला. ओळ तीच राहिली. सरांचे नाव 'ज्यांचे सहकार्य लाभले' अशा नावांत, छपाईच्या कागदाचा पुरवठा करणाऱ्यांच्या खाली आले. काही दिवसांनी खिडकीजवळचे टेबल जागेअभावी हलवण्यात आले. त्या जागी आता देणगीदारांच्या तसबिरी आहेत.

अनुसयाबाईंना दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून सर ग्रंथ घेऊन स्वतः खराडीला गेले, त्यांच्या नातवाच्या घरी. मीही गेले. नातू एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याने पान काढून ओळ वाचली.

"चष्मा लाव आणि परत वाच," अनुसयाबाई म्हणाल्या.

"आजी, मला चष्मा नाहीये."

"मग माझा लाव."

त्याने आजीचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि ओळ परत वाचली. बाईंनी चष्मा परत घेऊन पदराने पुसला. मग त्यांनीच सरांची समजूत घातली. "जाऊ द्या सर. तुम्ही म्हणालात ना पलटणीतले होते म्हणून? झालं तर."

"माझ्या म्हणण्याने होत नाही," सर म्हणाले. "छापून यायला हवं."

याला बरीच वर्षे झाली. सर वाघोलीला मुलाकडे राहतात. मधल्या काळात संस्थेला त्यांची आठवण झाली नाही. आता त्यांच्या पंचाहत्तरीला झाली आहे. शाल, श्रीफळ, मानपत्र आणि हा गौरवग्रंथ असा बेत आहे. त्याच समारंभात त्या जुन्या ग्रंथाची दुसरी आवृत्तीही प्रकाशित व्हायची आहे. तिची प्रुफे मी मागवून पाहिली. चार जवान आणि त्यांचा नोकर जागचे हललेले नाहीत.

सरांनी समितीला कळवले, "शाल नको, ती ओळ बदला." उत्तर आले, की सत्कार वेगळा आणि ग्रंथ वेगळा, शिवाय पाने छपाईला लागून गेली आहेत. मानपत्रात सरांना 'सत्याचे निःस्पृह उपासक' म्हटले आहे. ती पाने मात्र वेळेत लागली.

मला लेख मागितला तेव्हा मी एकच अट घातली. मजकुरातला शब्द बदलायचा नाही आणि सोबत मी देईन ते छायाचित्र, मी देईन त्या ओळीसह छापायचे. समितीला वाटले, मी सरांचा तरुणपणीचा फोटो देईन. समितीने होकार दिला.

अनुसयाबाई आता नव्वदीला टेकल्या आहेत. समारंभाला त्यांना मी घेऊन येणार आहे, आणि सरही येतील ते त्या येणार म्हणून. हे पान नातवाने तिथेच मोठ्याने वाचावे. चष्मा कोणाचा लावायचा ते त्याचे त्याने ठरवावे.

सरांना माझी शुभेच्छा कामापुरती आहे. त्यांचे डोळे शाबूत राहोत, गुडघे वाघोलीहून बुधवार पेठेपर्यंत साथ देवोत, आणि संस्थेच्या ग्रंथाची तिसरी आवृत्ती, मग ती निघायला कितीही वर्षे लागोत, तिची प्रुफे तपासायला सर ठणठणीत असोत. तोवर त्यांनी लिहिलेली ओळ इथे छापली आहे.

सोबतचे छायाचित्र: एका ब्रिटिश पायदळ बटालियनमधले पाच जण, पुणे कॅम्प, दुसऱ्या महायुद्धाचा काळ. बटालियन निश्चित नाही. डावीकडून: नाव माहीत नाही, नाव माहीत नाही (बँड), नाव माहीत नाही, नाव माहीत नाही, भिवा साळवे (स्वयंपाकी).