कॉम्प्रिहेन्शन का म्हणायचं?

भिंगारमधल्या एका क्लासमध्ये मी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवायला लागले, तेव्हा माझ्या बॅचमध्ये सैन्यातून क्लार्क म्हणून निवृत्त झालेले एक काका होते. मूळचे कर्जतकडचे. वयानं माझ्या वडिलांपेक्षा मोठे, तरी मला मॅडम म्हणायचे आणि मी बोललेलं सगळं वहीत उतरवून घ्यायचे.

त्या दिवशी लिस्ट कॉम्प्रिहेन्शन शिकवायचं होतं. एका यादीतून निवडून दुसरी यादी करायची तर यादीतली एकेक गोष्ट क्रमानं तपासणारा चार ओळींचा लूप लिहावा लागतो. तेच काम चौकोनी कंसात एका ओळीत होतं. मी फळ्यावर दोन्ही लिहून दाखवलं. काकांनी हात वर केला.

"मॅडम, इंग्रजीच्या पेपरात उतारा वाचून उत्तरं लिहितात, ते कॉम्प्रिहेन्शन. यादीला तसं का म्हनायचं?"

मला माहीत नव्हतं. शब्द पाठ होता, पण तो का, हे मी कधी कुणाला विचारलंच नव्हतं. समोर सगळी बॅच बघत होती. मी म्हणाले, एका ओळीत असल्यामुळे लवकर आकलन होतं, म्हणून. काकांनी ते लिहिलं आणि खाली पट्टीनं रेघ मारली.

ती रेघ पाहून मला अपराधी वाटलं. घरी गेल्यावर शोधलं. शब्द गणितातून आला होता. संचातली एकेक गोष्ट न सांगता फक्त अट सांगायची. अटीत बसेल ते सगळं त्यात आलं. म्हणजे इथं अर्थ समजण्याचा नव्हता, सामावून घेण्याचा होता.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितलं, की कालचं उत्तर मी अंदाजानं ठोकून दिलं होतं, आणि खरं काय ते समजावलं.

"मग हे तर आमी नोकरीभर केलंय," काका म्हणाले. "वरून ऑर्डर यायची, तिच्यात नावं न्हाई यायची. ज्याला गाडी चालवता येती आन वय तिशीच्या आत हाय, अशांची यादी द्या. नावं आमी काढायचो."

मी त्यांची ती ऑर्डरच फळ्यावर कोडमध्ये लिहिली: आधी 'फॉर'मध्ये सगळ्या जवानांची यादी, मग 'इफ'मध्ये गाडीची आणि वयाची अट. काकांनी कालचं वाक्य खोडलं. मग विचारलं, यातली 'इफ'ची अट 'फॉर'च्या आधी लिहिली तर चालेल का. चालणार नाही असं मला वाटत होतं, पण आम्ही टाइप करून पाहिलं. एरर आली.